द्रव्यचिंता आणि विचारशक्ती

पैशाच्या विवंचनेत माणसाचा निर्णय चुकला, की दोष त्याच्या बुद्धीस दिला जातो. हा न्याय योग्य नव्हे. तामिळनाडूतील ४६४ ऊस-उत्पादकांची तोडणीपूर्वी व तोडणीनंतर परीक्षा घेऊन केलेले एक संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. तोच शेतकरी पैशाची चणचण असताना बुद्धीच्या कसोट्यांत मागे पडतो व पैसा हाती आल्यावर सावरतो, असे त्यात आढळून आले. संशोधकांच्या मते बुद्धी तीच असते. मात्र तिचा काही भाग चिंतेने व्यापलेला असतो. म्हणून ओढगस्तीच्या दिवसांत देणी-येणी मनात न घोळविता कागदावर मांडावीत, विश्वासू माणसास दाखविल्यावाचून कर्जरोख्यावर सही करू नये; आणि धनकोनेही हप्त्यांची मुदत सुगीनंतरचीच ठेवावी.