निर्वासितांना थारा द्यावा का?

मंडळी, १९७१ च्या नोव्हेंबरात पोस्टाने एक नवा नियम आणला होता. पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक तिकीट लावायचं. त्यावर 'शरणार्थी सहायता' असा छाप. पूर्व पाकिस्तानातून तेव्हा जवळजवळ एक कोटी माणसं भारतात आली होती. त्यांच्यासाठीची ही वर्गणी. वर्गणी कसली, करच तो, कारण न लावण्याची सोय नव्हती. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. तिकीट ओलं करायचं, चिकटवायचं, विषय संपला. ही माणसं आपल्याकडे का आली आणि त्यांना ठेवून घेणं हे आपलं काम का, असा प्रश्न तेव्हा आम्हाला पडल्याचं आठवत नाही. आज तो मांडू.

मूर्तिजापुरात हा विषय काढला की गाडगेबाबांचं नाव निघणारच. बाबांचं बालपण इथून जवळच दापुऱ्याला मामाकडे गेलं आणि पुढे त्यांनी आपल्या गावात धर्मशाळाही उभी केली. जात न विचारता तिथे माणसाला जागा मिळावी, हा त्यांचा आग्रह. म्हणून आपण सहज म्हणतो, निर्वासितांना जागा देणं म्हणजे मोठी धर्मशाळाच. पण इथे थोडं थांबू या. धर्मशाळेत उतरणाऱ्याला घर असतं. यात्रा झाली, दवाखान्याचं काम झालं की तो गाठोडं उचलतो आणि परत जातो. निर्वासिताला परत जायला जागाच उरलेली नसते. त्यामुळे मुक्काम किती दिवसांचा, हे त्यालाही सांगता येत नाही आणि यजमानालाही नाही.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना उचलून सायबेरिया आणि मध्य आशियात नेलं. पुढे सुटका झाली तेव्हा त्यातले पुष्कळ इराणमार्गे बाहेर पडले. १९४३ पासून त्यांतले सुमारे पाच हजार जण कोल्हापूरजवळ वळिवडे इथे छावणीत राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. बराकींच्या रांगा होत्या, पोलिश शाळा होत्या, चर्च होतं. खर्चाचा भार मुख्यतः लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारचा, जागा कोल्हापूर संस्थानातली. युद्ध संपेपर्यंतची सोय, असा सगळ्यांचा हिशेब. युद्ध संपलं आणि पूर्व पोलंड सोव्हिएत युनियनमध्ये गेला. म्हणजे ज्या गावांना परतायचं, ती गावं आता त्यांच्या देशातच नव्हती. १९४८ पर्यंत ही मंडळी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी पांगली. काही पोलंडला गेली, काहींच्या कबरी कोल्हापुरातच आहेत. आणि त्या मोकळ्या झालेल्या बराकींत कोण आलं? फाळणीत सिंध सोडून आलेले लोक. त्या वस्तीचं नाव गांधीनगर. आज तिथे कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. आपल्या अकोल्यातही पत्ता सांगताना लोक सिंधी कॅम्प म्हणतात. कॅम्प कधीचा उठला, नाव तेवढं राहिलं.

हे ऐकून मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, ''सर, आपल्याच कास्तकाराले कोनी पुसत नाही, अन् बाहेरच्यायले कायले घ्याचं?'' प्रश्न रास्त आहे. खारपाणपट्ट्यात ज्याच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्याने हा प्रश्न विचारू नये असं म्हणणारे आम्ही कोण?

पण वळिवड्याच्या छावणीचं वर्ष पुन्हा पाहा. १९४३. त्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसं भुकेने मेली. 'आधी आपले' या तत्त्वाला याहून जबरदस्त उदाहरण सापडणार नाही: इकडे परक्यांना भाकरी, तिकडे आपले उपाशी. आता कारणं तपासू. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात या दुष्काळाची मीमांसा केली. धान्य अजिबात नव्हतं असं नव्हे, ते विकत घेण्याची ताकद मजूर, कोळी, कारागिरांच्या हातून गेली होती. युद्धामुळे भाव कडाडले आणि सरकारने वेळेवर हात घातला नाही. वळिवड्याच्या पाच हजार बायकामुलांना हाकलून दिलं असतं, तर बंगालमधला एक माणूस तरी वाचला असता का? आपल्या कापसाच्या भावाचंही तसंच आहे. तो कशामुळे पडतो त्याची यादी करा. त्यात निर्वासित सापडत नाही. कास्तकाराचं गाऱ्हाणं खरं आहे, ते ज्याच्या दारात न्यायचं ते दार वेगळं आहे.

तरीही 'आधी आपले' हे म्हणणं आम्ही पूर्णपणे टाकून देत नाही. नोकरी, अनुदान, घरकुल यांत देशाने आपल्या नागरिकाला आधी पाहावं, यात अन्याय नाही. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९५ साली शाश्वत शांततेवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो, परक्याला पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क मागता येत नाही. त्याला परत पाठवता येतं, मात्र एका अटीवर: त्यात त्याचा नाश होता कामा नये. आम्हाला या वादातली सगळी मेख या अटीत दिसते. काय द्यायचं, किती द्यायचं, यावर खुशाल भांडा. मरणाच्या तोंडी परत ढकलायचं नाही, हे त्या भांडणाच्या बाहेर ठेवा. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराचा कणाही हाच. भारताने त्यावर सही केलेली नाही, आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही.

यात एक गोष्ट आमच्यासारखे व्याख्यान देणारे सोयीने विसरतात. थारा 'देश' देतो, किंमत एखादाच मुलूख मोजतो. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना चामोर्शी, मुलचेरा भागात वसवलं गेलं, तेव्हा तो चांदा जिल्हा होता. दंडकारण्यात या लोकांना वसवायचं हे दिल्लीत ठरलं. जंगल आणि जमीन होती माडिया-गोंडांच्या मुलखातली. त्यांना कुणी विचारलं होतं? पाच पैशांच्या तिकिटात निदान एवढं बरं होतं की तो भार मुंबईपासून मूर्तिजापूरपर्यंत सारखा वाटला गेला.

ज्याने आश्रय घेतला तो पुढे आश्रय देतोच, असंही समजू नका. २०२२ साली युक्रेनमधून आलेल्या लाखो लोकांना पोलंडने घरात घेतलं. त्याआधी काही महिने, २०२१ च्या हिवाळ्यात, बेलारूसच्या सीमेवर इराक, अफगाणिस्तानकडून आलेल्यांना हाच पोलंड मागे जंगलात लोटत होता. आपण त्याला नावं ठेवण्याआधी आपल्याकडे पाहू. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत तीन शेजारी देशांतल्या सहा धर्मांच्या लोकांना वाट करून दिली. ज्यांना ती मिळाली त्यांचा छळ खोटा नव्हता. पण अहमदिया, हजारा, रोहिंग्या त्या वाटेत बसत नाहीत. आमच्या मते कसोटी एकच हवी, परत गेल्यावर याचं काय होईल. धर्माने ती बदलता कामा नये.

मग कायदा नसताना माणसाला वाचवायचं कशाच्या आधारे? १९६० च्या दशकात आलेले चकमा लोक अरुणाचल प्रदेशात राहत होते आणि स्थानिक संघटनांनी त्यांना निघून जायला बजावलं होतं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला त्यांच्या जिवाचं रक्षण करायला सांगितलं. आधार राज्यघटनेच्या कलम २१ चा. त्यात 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' आहे. त्यांच्या नागरिकत्वाचे अर्ज मात्र त्यानंतरही पडून राहिले, इतके की २०१५ साली न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला.