तीस नॅनोग्रॅमची हुकमत

मिठाचा एक बारीक कण भरतो साधारण ६० मायक्रोग्रॅम. निरोगी माणसाच्या सुमारे ३ लिटर रक्तद्रवात एरवी फिरणारं सगळं अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक गोळा केलं, तर ते भरेल जेमतेम ३० नॅनोग्रॅम. म्हणजे त्या एका कणाची बरोबरी करायला दोन हजार माणसांचं रक्त लागेल. हिशेब ढोबळ आहे, कारण हे प्रमाण उठण्या-बसण्याने, मीठ-पाण्यानेही बदलतं. पण दुपटी-तिपटीचा फरक धरला तरी अचंबा काही कमी होत नाही.

तेच वजनाऐवजी नग मोजा. तीस नॅनोग्रॅममध्ये सुमारे १७ लाख कोटी रेणू निघतात! आणि तरीही गर्दीत ते हरवलेलेच, कारण पाण्याच्या दर साडेपाच लाख कोटी रेणूंमागे अँजिओटेन्सिनचा वाटा एक. त्यातही यातला बराचसा माल मिनिटभराच्या आत मोडीत निघतो आणि नवा तयार होतो. एवढ्याशा ऐवजावर रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो.

हा रेणू घडतो कसा? यकृत ४५२ अमिनो आम्लांचं एक प्रथिन रक्तात सोडतं. मूत्रपिंडातून आलेलं रेनिन त्यातला फक्त १० आम्लांचा तुकडा छाटतं. तो जवळपास निकामी असतो. त्यातली आणखी दोन आम्लं उडाली की उरलेल्या आठांना धार येते. हे शेवटचं काम करणाऱ्या एन्झाइमचं नाव एसीई. आधी समज असा होता की ही छाटणी वाहत्या रक्तातच होते. १९६७ साली लंडनमध्ये एनजी आणि जॉन वेन या संशोधकांनी दाखवलं की रक्तातल्या छाटणीचा वेग त्यासाठी फारच अपुरा आहे. खरी छाटणी होते ती फुप्फुसांतून रक्त जाताना.

आणि फुप्फुसासारखी दुसरी जागा शरीरात नाही. तिथे सरासरी ४८ कोटी वायुकोश आहेत, त्यांचं क्षेत्रफळ सुमारे १३० चौरस मीटर. हवा आणि रक्त यांच्यातला पडदा कुठे कुठे मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाइतका पातळ. बाकीच्या अवयवांच्या वाट्याला रक्ताचा काही हिस्सा येतो, फुप्फुसांना मात्र सगळं रक्त भेटतं. मिनिटाला ५ लिटर, दिवसाला ७,२०० लिटर. लाल पेशी तिथल्या केशवाहिनीत थांबते पाऊण सेकंद. या केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर एसीई पसरलेलं असतं.

इथपर्यंतचे आकडे डोळे दिपवणारे. पण आजाराची गोष्ट निघाली की मला महत्त्वाचा वाटतो तो अगदी लहान आकडा. अँजिओटेन्सिन-२ स्वतः काहीच करत नाही, पेशीवरच्या कोणत्या रिसेप्टरला ते चिकटतं यावर सगळं अवलंबून. मुख्य रिसेप्टर दोन. एटी-१ हा ३५९ अमिनो आम्लांचा, एटी-२ हा ३६३ चा. लांबी जवळपास सारखी, पण घडणीतलं साम्य एक-तृतीयांशच, आणि कामं बरीचशी उलट. एटी-१ आवळतो, दाह वाढवतो, चिवट तंतू विणायला लावतो. एटी-२ त्याला बहुतेक ठिकाणी लगाम घालतो. निरोगी फुप्फुसात एटी-१ सापडतो तो रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवर, भक्षक पेशींवर आणि श्वासनलिकेच्या अस्तराखालच्या थरात. एटी-२ अस्तरावर आणि श्लेष्मग्रंथींवर.

सीओपीडी या श्वासमार्ग अडवणाऱ्या दीर्घकालीन आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसांत लहान श्वासनलिकांभोवती जिथे तंतूंचं जाळं दाट झालं होतं, तिथे एटी-१ चं एटी-२ शी असलेलं प्रमाण पाच ते सहा पट वाढलेलं आढळलं. जिथे ते जास्त, तिथे फुंकण्याची ताकदही कमी. लाख कोटींच्या हिशेबात सहा म्हणजे काय? पण श्वास अडतो तो इथेच कुठेतरी. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अशा मोजणीतून ठरत नाही, हेही सांगायला हवं. भारतात २०१६ साली सीओपीडीचे रुग्ण सुमारे ५ कोटी ५३ लाख होते. बिडी-सिगारेटइतकाच चुलीचा आणि शहराचा धूरही त्यामागे आहे.

अँजिओटेन्सिन-२ च्या धारेला उतारा शरीरातच आहे. एसीई-२ नावाचं, २००० साली सापडलेलं दुसरं एन्झाइम अँजिओटेन्सिन-२ चं आणखी एक आम्ल उडवून त्याची धार बोथट करतं. त्याच्या आधीच्या दहा आम्लांच्या तुकड्यापेक्षा अँजिओटेन्सिन-२ वर ते सुमारे ४०० पट कार्यक्षम आहे. हे एन्झाइम नसलेल्या उंदरांची फुप्फुसं तीव्र इजेत जास्त बिघडतात, असं २००५ मध्ये दिसलं. पुढे कोविडच्या विषाणूने पेशीत शिरायला नेमकं हेच दार निवडलं.

त्यातून २०२० मध्ये भीती पसरली. रक्तदाबासाठी घेतल्या जाणाऱ्या टेल्मिसार्टन, लोसार्टनसारख्या गोळ्या एटी-१ अडवतात. टेल्मिसार्टन एटी-२ पेक्षा एटी-१ ला ३,००० पटींहून अधिक ओढीने चिकटतं. मग या गोळ्यांनी एसीई-२ चं ते दार वाढून कोविड बळावेल का? ब्राझीलमधल्या ६५९ रुग्णांच्या चाचणीत गोळ्या थांबवून काही फायदा झाला नाही. उलट दिशेनेही पाहिलं गेलं. अत्यवस्थ कोविड रुग्णांना याच गटाची औषधं नव्याने सुरू केली, तेव्हा सुधारणा तर झाली नाहीच, बहुधा परिस्थिती बिघडली. २०२३ मध्ये ते निष्कर्ष आले. कागदावर सुंदर दिसणारी कल्पना खाटेवरच्या माणसाला लागू पडेलच असं नाही.

तेव्हा घरात सार्टन गटातली गोळी चालू असेल तर फुप्फुसांच्या धास्तीने ती स्वतःहून बंद करू नका, आणि फुप्फुसांच्या आशेने सुरूही करू नका.