फुग्यातील वारा जातो कोठे?
तान्ह्या पोळ्याच्या निमित्ताने

श्रावण सरत आला आणि अमावास्या दारात येऊन ठेपली, की वऱ्हाडातील घराघरांत एकच लगबग उडते. आदल्या दिवशी खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहून निबर झालेल्या खांद्यांना हळद-तूप चोळून बळीराजा आपल्या जोडीदाराचे ऋण मान्य करतो आणि त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण देतो. अमावास्येला आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली सजलेल्या जोड्या उभ्या राहतात, झडत्यांची चढाओढ लागते आणि पोळा फुटतो. मग दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पाडव्याला, येतो तो मुलांचा तान्हा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघूजीराजे भोसले यांनी ही प्रथा सुरू केली असे सांगतात. लाकडी नंदीबैलाला झूल, बाशिंग, बेगड आणि रंगीबेरंगी फुगे लावून मुले घरोघर फिरतात आणि बोजारा मिळवतात. ज्या घरी लाकडी नंदीला कुंकू लावल्यावाचून मुलाला पुढे जाऊ देत नाहीत, अशी घरे दारव्ह्यात आजही पुष्कळ आहेत.

अशाच एका तान्ह्या पोळ्याच्या सकाळी दारव्ह्याच्या आमच्या आप्तांच्या घरी आम्ही मुक्कामास होतो. रात्री झोपण्यापूर्वी घरातील सात वर्षांच्या चिरंजीवांनी गाल दुखेपर्यंत फुंकून बारा फुगे भरले होते आणि नंदीभोवती बांधून ठेवले होते. सकाळी पाहतो तो फुगे मऊ पडलेले, दोन-तीन तर सुकल्या वांग्यासारखे सुरकुतलेले. आजीबाई म्हणाल्या, ‘‘दृष्ट लागली पोराच्या नंदीला,’’ आणि मीठ-मोहऱ्या आणावयास उठल्या. चिरंजीव मात्र गाठ निरखीत बसले होते. ‘‘आबाजी, गाठ त सुटली नाही, मंग हवा गेली कुठून?’’ हा त्यांचा प्रश्न आम्हांस निरुत्तर करून गेला. त्या दिवसापासून आम्ही या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. वाचकांच्या घरीही हा प्रश्न दरवर्षी निघत असेल, म्हणून जे हाती लागले ते येथे मांडतो.

हवा गाठीतून थोडीफार जाते हे खरे. परंतु मुख्य वाट ती नव्हे. हवा जाते ती फुग्याच्या अंगातून. रबर हा मुळात झाडाचा चीक. लांबच लांब दोऱ्यांचा गुंता व्हावा तसे त्याचे रेणू एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्या गुंत्यात सूक्ष्म पोकळ्या असतात. रबरात सुईने पाडल्यासारखी छिद्रे नसतात, हे येथे ध्यानी घ्यावे. वायू आधी रबरात विरघळतो, जशी साखर पाण्यात विरघळावी, आणि मग त्या गुंत्यातून वाट काढीत दुसऱ्या अंगाने बाहेर पडतो. लंडनच्या मायकेल फॅरेडे यांनी १८२४ साली हायड्रोजन वायूवरील प्रयोगांसाठी कच्च्या रबराचे दोन तुकडे कडेने दाबून पहिले रबरी फुगे केले. आत चिकटू नये म्हणून त्यांनी पीठ लावले होते. त्यानंतर १८३१ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या मिचेल या डॉक्टरांच्या ध्यानात आले, की वायूने भरलेले रबरी फुगे गाठ पक्की असूनही ओसरतात आणि प्रत्येक वायूचा ओसरण्याचा वेग निराळा असतो. वायू रबरात आधी विरघळतो, ही उकल थॉमस ग्रॅहम यांनी १८६६ साली केली. म्हणजे आमच्या चिरंजीवांचा प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षांचा जुना आहे.

आता वायूवायूंत भेद कसा तो पाहा. नैसर्गिक रबरातून नत्रवायू म्हणजे नायट्रोजन ज्या वेगाने जातो, त्याच्या सुमारे अडीचपट वेगाने प्राणवायू जातो, साडेतीनपट वेगाने हेलियम जातो आणि कार्बन डायऑक्साइड तर सुमारे पंधरापट वेगाने निसटतो. आपल्या श्वासात हा कार्बन डायऑक्साइड शेकडा चारच्या आसपास असतो; बाहेरच्या हवेत तो नगण्य. तेव्हा तोंडाने भरलेल्या फुग्यातून तो भराभर निघून जातो. गंमत अशी, की उच्छ्वासात प्राणवायू बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून थोडा प्राणवायू उलट बाहेरून आत शिरतो. परंतु जाणारा पुष्कळ आणि येणारा थोडा, त्यामुळे घाटा तो घाटाच. शिवाय श्वास उबदार आणि दमट असतो. तो निवला की आकसतो आणि त्यातील वाफेचे दव होऊन फुग्याच्या आतल्या अंगाला चिकटते. आमच्या चिरंजीवांचे बारा फुगे रात्रीतून का मरगळले, याचे अर्धे उत्तर त्यांच्याच श्वासात होते. उरलेले अर्धे असे की फुगे लहान होते. लहान फुग्यात हवा थोडी आणि तिच्या मानाने अंग मोठे. म्हणून तो मोठ्या फुग्यापेक्षा लवकर रिता होतो.

पंपाने भरलेला साध्या हवेचा चांगला फुगा मात्र कित्येक दिवस टिकतो. असे का व्हावे? मंडपातील गर्दीचा दृष्टांत घ्या. आत जितकी गर्दी तितकीच बाहेर असेल, तर दारातून जितके जातात जवळजवळ तितकेच येतात आणि मंडप भरलेलाच राहतो. फुग्यात हवा, बाहेरही हवा. आतला दाब बाहेरच्याहून शेकडा दोन-तीननेच अधिक. तेवढ्या फरकापुरतीच हवा हळूहळू बाहेर झिरपते. हेलियम भरलेल्या फुग्याची गोष्ट अगदी निराळी. आत सगळा हेलियम, बाहेर जवळपास शून्य. जाणारे सगळे, येणारे कोणी नाही. म्हणून बारा इंची साधा रबरी फुगा हेलियमने भरला तर अर्धा दिवस ते एक दिवस तरंगतो आणि मग जमिनीवर लोळण घेतो. विकणाऱ्याने फसवले असे आपण म्हणतो. पण बहुधा त्या बिचाऱ्याचा दोष नसतो.

हेलियमचा विषय निघालाच आहे, तर आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली त्याची एक कथाही सांगून टाकू. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली आपल्या देशावरून गेली. फ्रान्सचे जान्सेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या प्रकाशपटाचे निरीक्षण केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॉर्मन लॉकयर यांना ग्रहणावाचूनच सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा दिसली, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या तत्त्वाचे नाव हेलियम पडले. सिंधुदुर्गातील विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात आणि १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिन साजरा होतो. लॉकयर साहेबांनीच तेथून ग्रहण पाहिले अशी समजूत आहे. ते तेव्हा इंग्लंडात होते, हे मात्र नमूद केले पाहिजे. पृथ्वीवर हा वायू हाती लागला तो १८९५ साली, रॅम्झे यांच्या प्रयोगशाळेत. सूर्यनारायणाच्या ठायी आधी दिसलेले आणि भूतलावर मागाहून सापडलेले हे तत्त्व आज पोरांच्या फुग्यात येऊन बसले आहे.

परंतु जत्रेतला प्रत्येक तरंगता फुगा हेलियमचा नसतो. हेलियम महाग पडतो. म्हणून कित्येक ठिकाणी कॉस्टिक सोडा, पाणी आणि ॲल्युमिनियमचे तुकडे एका जुन्या नळकांड्यात घालून हायड्रोजन तयार करतात आणि तोच फुग्यात भरतात. हा वायू हवेत शेकडा चार इतका मिसळला तरी ठिणगीने पेट घेतो, आणि नळकांडे तापून फुटले तर बॉम्बच. लातूर येथे २०२३ च्या ऑक्टोबरात अशाच फुग्याच्या सिलिंडरचा स्फोट होऊन फुगेवाल्याचा जीव गेला आणि भोवती जमलेली मुले जखमी झाली. पोळ्याच्या वेळी मखरापुढे मशाली असतात, घरोघरी ओवाळणीची निरांजने असतात. तेव्हा माताभगिनींना आमची हात जोडून विनंती आहे, की निरांजन लावलेले ताट आणि तरंगता फुगा एकत्र आणू नये आणि सिलिंडरभोवती मुलांना घोटाळू देऊ नये. नंदीला साध्या हवेचे फुगे शोभतात. तो आकाशात थोडाच जावयाचा आहे?

आता फुगे टिकवावे कसे? पहिली गोष्ट म्हणजे ते तोंडाने न भरता हातपंपाने भरावे. सायकलचा पंपही चालतो. त्याच्या तोंडाला नळी लावली की झाले. भरण्यापूर्वी फुगा हाताने दोन-चार वेळा ताणून घ्यावा. पूर्ण ताठ होईस्तोवर भरू नये. फुग्याचा आकार पेरूसारखा होऊन मानेत हवा चढू लागली, की तो अति भरला असे समजावे आणि थोडी हवा सोडून द्यावी. रबर जितके ताणले जाते तितके ते पातळ होते, आणि पातळ भिंतीतून वायू लवकर जातो. मान दोनदा पिळून मग गाठ मारावी आणि गाठीच्या खाली दोऱ्याचे दोन-तीन घट्ट वेढे द्यावेत.

‘पूर्ण भरू नये’ हा नियम मोठमोठे शास्त्रज्ञही पाळतात, हे वाचून काहींना नवल वाटेल. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून संशोधनाचे प्रचंड फुगे आकाशात सोडतात. ते रबराचे नसून अत्यंत पातळ प्लॅस्टिकचे असतात. आपले डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये आणि पुन्हा २० एप्रिल २००५ रोजी तेथून असे फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले गेले. एवढ्या उंचावर सूक्ष्म जीव आहेत काय, हा शोध होता. २००५ चा फुगा २६७ लाख घनफुटांचा होता. परंतु जमिनीवरून निघताना त्यात वायूचा केवळ एक बुडबुडा असतो आणि बाकी सारे अंग लोंबत असते. वर हवा विरळ होत जाते तसा तोच वायू सुमारे तीनशेपट फुलतो. जमिनीवरच ठासून भरला असता तर फुगा वाटेतच फुटला असता.

उन्हाचेही तसेच. घरातल्या गारव्यात ठाम भरलेला फुगा दुपारच्या उन्हात नेला, की आतली हवा फुगते, रबर तापते आणि ऊन व हवा मिळून त्याला विटवतात. भाद्रपदातले ऊन किती लागते हे आम्ही विदर्भीयांना सांगावयास नको. तेव्हा फुगे मिरवणुकीच्या आधी तासाभरात भरावेत, सावलीत ठेवावेत, आणि गडद रंगांपेक्षा फिकट रंगांचे घ्यावेत. गडद फुगा लवकर तापतो. उलट, रात्रीच्या गारव्याने सैल पडलेला फुगा सकाळच्या कोवळ्या उन्हात पुन्हा थोडा तरतरीत झाला, तर तेवढी त्याची हवा गेलेलीच नव्हती असे समजावे.

आता आमच्याच हातून घडलेली फजिती सांगतो. पुढल्या वर्षी आम्ही मोठ्या उत्साहाने दारव्ह्यास गेलो. पंप नेला, उत्तम फुगे नेले, सारे शास्त्र पाळले, आणि चिरंजीवांचा नंदी अधिक देखणा व्हावा म्हणून आदल्या सायंकाळी त्याच्या शिंगांना तैलरंगाचा हातही दिला. सकाळी फुगे बांधले. फट्! एक गेला. दहा मिनिटांनी दुसरा. तिसऱ्याला चिरंजीव रडू लागले. रंग पुरता वाळला नव्हता, त्यातील टर्पेंटाईन रबरात मुरले आणि ताणलेल्या रबराने दम तोडला. नैसर्गिक रबराचे तेल, तूप आणि रंगाचे द्रावक यांच्याशी हाडवैर आहे. तूप-हळद लागलेल्या हातांनीही फुगे हाताळू नयेत. लिंबाची अथवा संत्र्याची साल पिळली असता जो सुगंधी फवारा उडतो, तोही फुग्याचा शत्रूच; ताणलेल्या फुग्यावर त्याचे थेंब पडले की बहुधा स्फोट ठरलेला. दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्या हातांनी लगेच फुग्याला स्पर्श करू नये, हे आजीबाईंना सांगताच त्या म्हणाल्या, ‘‘म्हंजे दृष्ट काढाले जावं अन् फुगाच फुटावा!’’

खऱ्या बैलांच्या शिंगांना फुगे बांधण्याची रीत अलीकडे गावोगाव दिसते. आम्हांस ती रुचत नाही. शिंगांना हिंगूळ किंवा तैलरंग आणि तेलाचा हात असतोच; त्यामुळे फुगा तेथे टिकत नाही, आणि कानाजवळ फटकन फुटला तर मुके जनावर बिथरते. गर्दीत बिथरलेला बैल म्हणजे केवढे संकट! गोंडे, मठाट्या, बेगड ही आपली जुनी लेणी त्याला पुरेशी आहेत. फुगे तोरणाला लावावेत, मुलांच्या नंदीला लावावेत.

आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लगेच वेचून घ्यावेत. लहान मूल ते तोंडात घालते आणि घशात रबर चिकटून त्याचा श्वास कोंडू शकतो. तुकडे गोठ्यात गेले तर जनावर ते कडब्याबरोबर गिळते.

त्या दिवशी चिरंजीवांची समजूत कशी घातली म्हणाल, तर शिंगांचे फुगे सोडून ते नंदीच्या चाकाच्या पाटीला उभ्या केलेल्या वेळूच्या कामटीला बांधले, रंगापासून वीतभर दूर. नऊ फुगे उरले होते. बोजारा घेऊन चिरंजीव सायंकाळी घरी परतले तेव्हा नऊच्या नऊ ताठ होते. त्यांतील एक त्यांनी देवघराच्या खुंटीला टांगून ठेवला. अनंत चतुर्दशीला आमच्या पुतणीचे पत्र आले, त्यात शेवटची ओळ चिरंजीवांच्या हातची होती : फुगा लहान झाला आहे, पण अजून आहे.