भात कापल्यावर परसात काय लावावं?

रायगडच्या किनाऱ्यावर भाजीचा खरा हंगाम पाऊस गेल्यावर सुरू होतो. जून ते सप्टेंबरात दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेललेली जमीन तोवर पाणी पिऊन फुगलेली असते. मांडवावरची काकडी, पडवळ, शिराळी नवरात्रापर्यंत आटोपतात आणि घरामागचा तुकडा मोकळा होतो. पहिल्यांदाच वाफा करणाऱ्याला मग सगळंच लावावंसं वाटतं. बाजारातून बियांची दहा पाकिटं येतात. त्यात ब्रोकोलीही असते. ती पाकिटं फोडण्याआधी विहिरीकडे एक चक्कर मारून या.

आधी पाणी

दहा फूट लांब, दहा फूट रुंद वाफ्याला उन्हाच्या दिवसांत रोज साधारण 45 ते 50 लिटर पाणी लागतं, म्हणजे मोठ्या तीन बादल्या. पूर्ण गुंठाभर भाजी केली, तर हाच आकडा 500 लिटरवर जातो. ऑक्टोबरात विहीर तुडुंब असते, त्यामुळे हे काहीच वाटत नाही. प्रश्न फेब्रुवारीत येतो. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी तेव्हा खाली जातं आणि कित्येक ठिकाणी मचूळ होतं. पालक आणि बीट थोडा खारटपणा सोसतात. वाल, घेवडा मुळीच सोसत नाहीत. शेजाऱ्याला एवढंच विचारा की होळीच्या सुमारास तुमच्या आवारातल्या पाण्याची चव कशी असते. त्या उत्तरावर वाफ्याचा आकार ठरवा. पहिल्या वर्षी पाव गुंठाही खूप झाला.

मुंबईहून मांडव्याच्या बोटीने शनिवारी येऊन रविवारी परतणाऱ्यांनी पालेभाजीच्या नादी लागू नये. कोवळं रोप पाच दिवस पाण्याशिवाय उभं राहत नाही. त्यांच्यासाठी वाल आहे, त्याबद्दल पुढे.

वाफसा येऊ द्या

पाऊस थांबला की दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन उतरायचं नाही. चिकट ओली माती खणली की तिची ढेकळं होतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात ती विटेसारखी भाजून निघतात. मूठभर माती घट्ट दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. गोळा फुटून विखुरला, तर वाफसा आला. तसाच चपटा होऊन बसला, तर आणखी चार दिवस थांबा.

भाताच्या खाचरातली जमीन चिखलणीमुळे खाली घट्ट झालेली असते. ती वीतभर तरी खोल खणावी लागते. जांभ्याची तांबडी माती आम्ल असते. तिला चुलीतली राख मानवते, पण चिमटीने, टोपलीभर नव्हे. नागाव-रेवदंड्याकडच्या पुळणीच्या जमिनीत पाणी थांबत नाही, तिथे पालापाचोळा आणि शेणखत दोन्ही सढळ हाताने घालावं. दहा बाय दहाच्या वाफ्याला कुजलेल्या शेणखताची दोन घमेली हा किमान हिशेब. शेण ताजं असेल, तर हुमणी आणि तण घरी बोलावल्यासारखंच.

कोजागिरीपासून: पालेभाज्या आणि मुळा

लाल माठ हे नवशिक्याचं पीक. बी खसखशीएवढं बारीक असल्याने मूठभर कोरड्या रेतीत मिसळून फोकायचं आणि वरून मातीचा पातळसा थर द्यायचा. पहिले आठ दिवस झारीनेच पाणी. बादली ओतली तर सगळं बी वाफ्याच्या एका कोपऱ्यात जमा होतं. महिन्याच्या आत भाजी ताटात येते. मुंग्या बी पळवतात, म्हणून कडेने राख टाकायची पद्धत आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला ‘कोकण दुरंगी’ माठ मिळाला तर घ्याच.

मुळ्यात ‘पुसा चेतकी’ ही जात उकाडा सोसते, त्यामुळे ऑक्टोबरातही चालते. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत मुळा तयार होतो. दाट उगवला, तर न कचरता विरळणी करा. उपटलेल्या पाल्याची भाजी होतेच.

मेथी, कोथिंबीर आणि पालक यांना मात्र रात्री जरा गार लागतात. दिवाळीनंतर पेरावं. पुळणीची जमीन असेल, तर रेतीत दाट पेरून आठ-दहा दिवसांत मुळांसकट उपटायची बारीक मेथी अवश्य करून पाहा.

वाल: दवावर येणारं पीक

भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर वाल येतो. नोव्हेंबर लागला की एकेक दाणा बोटाच्या दोन पेरांइतका खोल, वीतभर अंतरावर लावायचा. मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र धरतात, म्हणून युरिया घालायची गरज नाही. घातलात तर पानंच माजतात. जानेवारीत हिरव्या शेंगा मिळतात आणि पोपटीची, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायची, सोय होते. उरलेल्या शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात.

त्याचा शत्रू मावा. आभाळ आलं की शेंड्यांवर काळ्या किडीची रांग लागते. सुरुवातीला शेंडे खुडले तरी भागतं, पुढे पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. वेलाची दगदग नको असेल, तर ‘कोकण भूषण’ या झुडपी वालाच्या शेंगा भाजीला चांगल्या.

वांगी, टोमॅटो, मिरची: जरा जपून

कोकणात या तिघांना मर रोग धरतो. सकाळी टवटवीत असलेलं झाड दुपारी मान टाकतं आणि पाणी घालूनही उठत नाही. खोड कापून पेलाभर स्वच्छ पाण्यात धरा. थोड्या वेळात दुधासारखी धार उतरली, तर तो जीवाणूचा मर. औषधावर पैसे घालवू नका. झाड उपटून जाळा आणि दोन-तीन वर्षं त्या वाफ्यात या तिघांपैकी काही लावू नका. मूळ उपाय जात निवडताना करायचा असतो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची वांग्यात ‘अर्का निधी’ आणि टोमॅटोत ‘अर्का रक्षक’ या मर रोगाला दाद न देणाऱ्या जाती आहेत. रक्षक संकरित असल्याने त्याचं बी मात्र दरवर्षी विकत घ्यावं लागतं.

फ्लॉवर, ब्रोकोली, गाजर पहिल्या वर्षी सोडून द्या. किनाऱ्यावरची थंडी त्यांना पुरत नाही, आणि आलीच तर थोडे दिवस टिकते. वेळ-पाणी तेवढंच घालून चवळी केली, तर घर खातं. ‘कोकण सदाबहार’ दोन महिन्यांत हाती येते.

गुरं आणि अवकाळी

भात निघालं की गावातली गुरं मोकळी सुटतात. कुंपण पेरणीच्या आधी झालं पाहिजे, नंतर नव्हे. दुसरी धास्ती पावसाची. 2019 च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रातल्या क्यार वादळाच्या पावसाने कापणीला आलेलं भात भिजवलं होतं. म्हणून वाफे सपाट न करता गादीवाफे करा, चार बोटं उंच, आणि सगळं बी एकाच दिवशी पेरू नका. दहा दिवसांच्या अंतराने थोडं थोडं पेरलं, तर एखादी सर आली तरी सगळं जात नाही आणि माठही एकदम अंगावर येत नाही.

पांढरा कांदा

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कार्ले, खंडाळे, नेहुली या भागांत तो भातानंतरच्या शेतात होतो आणि वेण्या बांधून विकला जातो. परसात पन्नास-शंभर कांदे सहज निघतात, पण रोप स्वतः तयार करायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. बीपासून लावणीजोगं रोप व्हायला दीड-दोन महिने जातात आणि तेवढ्यात नवख्याचं निम्मं रोप कुजतं. वीतभर उंच तयार रोप घेऊन चार-चार बोटांवर लावा आणि पात माना टाकू लागली की पाणी तोडा. शेतकरी घरचं बी धरून आपल्यापुरतंच रोप टाकतात, तेव्हा रोपांच्या जुड्या हव्या असतील तर दिवाळीतच ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून ठेवा.