धिप्पाड माणसाच्या मापाची मोटारसायकल

सहा फुटांवर उंची आणि शंभर किलोंच्या घरात वजन असलेल्या माणसाने लांबच्या प्रवासासाठी कोणती मोटारसायकल घ्यावी, या प्रश्नाला 2003 सालापर्यंत आपल्याकडे एकच उत्तर होतं : बुलेट. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जपानी सहकार्याने शंभर सीसीच्या गाड्या आल्या, त्यांनी मध्यमवर्गाला परवडणारी चाकं दिली आणि त्याचं मोल मोठं आहे. पण त्यांची बैठक, स्प्रिंग, हँडल हे सगळं मध्यम अंगाच्या माणसाला धरून बेतलेलं. या वर्गातल्या गाड्यांचा कमाल भार साधारण 130 किलोंच्या आसपास असतो. धिप्पाड चालक डबलसीट निघाला की ती मर्यादा घराच्या फाटकातच ओलांडली जायची. बुलेटवर गुडघ्यांना जागा होती, पाठ ताठ राहायची, वजनाची चिंता नव्हती. मात्र ऐंशीच्या पुढे काटा गेला की थरथर मनगटांत उतरायची, आणि घाटात ट्रकला मागे टाकताना 18 अश्वशक्ती तोकडी पडायची.

त्याच सुमारास रस्ते बदलले. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पात पुणे-सातारा-कोल्हापूर-बेंगळुरू मार्ग चौपदरी होत गेला, आणि एकाच वेगात तासन् तास जाणं पहिल्यांदा शक्य झालं. युरोपात ही गरज फार आधी निर्माण झाली होती. बीएमडब्ल्यूने 1976 मध्ये आर 100 आरएसला संपूर्ण फेअरिंग देऊन छातीवरचा वारा अडवला. होंडाची एसटी 1100 ही 1990 ची गाडी तर 28 लिटरची टाकी घेऊनच आली. वेग, वाऱ्यापासून आडोसा, दोन माणसं आणि सामान, हे सारं एका गाडीत बसवणं म्हणजे स्पोर्ट टूरिंग. आपल्याकडे त्या वर्गाची चाहूल लागली ती 2003 च्या करिझ्मापासून. 223 सीसी, 17 अश्वशक्ती, पुढे अर्धं फेअरिंग, 15 लिटरची टाकी. आज हे आकडे किरकोळ वाटतात, पण शंभरीच्या आत ती न धापता जायची आणि तिच्या सीटवर थोराड माणूस आखडून बसत नसे. माझ्या मते तिचं खरं मोठेपण वेगापेक्षा त्या बैठकीत होतं.

पुढची दहा-बारा वर्षं मात्र आमच्यासारख्यांना निराश करणारी. मधल्या काळात ॲव्हेंजर आली आणि लांब पायांचे पुष्कळजण तिच्याकडे वळले, कारण पाय पुढे पसरता यायचे. क्रूझर गाड्यांचा एक दोष इथे समजून घ्यायला हवा. पाय पुढे गेले की शरीराचा भार फूटरेस्टवर टाकता येत नाही. खड्डा समोर दिसत असतो, पण कंबर सीटवरून उचलता येत नाही, आणि प्रत्येक दणका थेट माकडहाडाला बसतो. वजन जितकं जास्त, तितका दणका मोठा. 2009 मध्ये निंजा 250 आर आणि 2011 मध्ये सीबीआर 250 आर आल्या. इंजिनं उत्तम, फेअरिंग देखणं. पण सीट 780 मिलिमीटरच्या आसपास आणि फूटरेस्ट वर, मागे. उंच माणसाचे गुडघे इतके दुमडायचे की पुण्याहून निघाल्यावर कऱ्हाड यायच्या आत उतरून पाय मोकळे करावे लागत.

कलाटणी मिळाली 2016 मध्ये, आणि ती स्पोर्ट टूरिंगचं नाव घेऊन आली नाही. वर्षाच्या सुरुवातीला रॉयल एनफिल्डची हिमालयन आली : 411 सीसी, पुढच्या सस्पेन्शनची हालचाल 200 मिलिमीटर, मागच्याची 180, उंच हँडल, खाली फूटरेस्ट. डोंगरवाटांसाठी बनवलेली ही गाडी घेऊन बहुतेकजण डांबरी रस्त्यांवरच फिरले, कारण तिच्यावर दिवसभर बसता येत होतं. फक्त ताकद अपुरी होती. ती कसर डिसेंबरात बजाजच्या डॉमिनार 400 ने भरून काढली : 35 अश्वशक्ती, 182 किलो वजन, रुंद सीट. 2018 मध्ये इंटरसेप्टर 650 आली आणि दोन सिलिंडरांची गुळगुळीत धाव सामान्य खिशाच्या आवाक्यात आली, जरी तिची मूळ सीट जड माणसाला लवकरच कडक लागते.

या सगळ्या काळात एक गोष्ट बदलली नाही. माहितीपत्रकावर सीसी, अश्वशक्ती आणि सीटची उंची ठळक छापतात, पण सीटपासून फूटरेस्टपर्यंतचं अंतर छापत नाहीत. उंच माणसाच्या गुडघ्याचं भवितव्य त्याच अंतरावर ठरतं. तसाच कमाल भार. चालक, मागची व्यक्ती आणि सामान यांची बेरीज करून तो आकडा मालकाच्या पुस्तिकेत आधी तपासा, मगच पैसे भरा.

स्प्रिंगचा मुद्दा तर गॅरेजातही नीट कोणी सांगत नाही. ‘शॉकप टाइट करून देतो’ म्हणत मेस्त्री कॉलर फिरवतो. त्याने प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब, वाढतो आणि खाली बसलेली गाडी थोडी वर येते, पण स्प्रिंग मुळात कडक होत नाही. चाक अधांतरी असताना आणि तुम्ही पूर्ण तयारीनिशी गाडीवर बसलेले असताना, अशा दोन्ही वेळी मागच्या आखापासून शेपटीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. फरक एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका असावा. प्रीलोड शेवटापर्यंत फिरवूनही तो बराच जास्त राहिला, तर जड स्प्रिंग बसवण्यावाचून उपाय नाही. मागची बाजू बसलेली गाडी वळणावर ढिली वाटते, आणि रात्री तिचा दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हा खर्च चकचकीत सायलेन्सरवरच्या खर्चाच्या आधी व्हायला हवा.

गेल्या काही वर्षांत पर्याय खरोखर वाढले. 2020 च्या केटीएम 390 ॲडव्हेंचरची सीट 855 मिलिमीटरवर होती. 2023 अखेर हिमालयन 450 आली : 40 अश्वशक्ती, 17 लिटरची टाकी आणि 825 वरून 845 मिलिमीटरवर नेता येणारी सीट. कावासाकीच्या व्हर्सिस 650 मध्ये 21 लिटरची टाकी, वरखाली होणारी काच आणि पाना न लावता हाताने फिरवायची प्रीलोडची मूठ मिळते. खऱ्या अर्थाने स्पोर्ट टूरिंग म्हणावी ती निंजा 1000 एसएक्स. गाडी अप्रतिम होती, पण तिच्या 1043 सीसीची किंमत दहा लाखांच्या पलीकडे गेली.

माझं मत स्पष्ट आहे. पाच लाखांच्या आत घ्यायची असेल तर हिमालयन 450 आधी पाहा, त्याहून जास्त जमत असेल तर व्हर्सिस 650. आणि शोरूमच्या दारातल्या फेरीवर निर्णय घेऊ नका. रोजचे बूट घालून, ज्याला नेहमी मागे बसवणार त्याला बरोबर घेऊन, निदान अर्धा तास चालवायला मागा.