बोट की पोट?

आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता, फक्त ओठ हलवून दोन शब्द म्हणा : ‘बोट’ आणि ‘पोट’. आता ‘मोट’ म्हणून पाहा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. ऐकू येणाऱ्याला हा गमतीचा खेळ वाटेल. पण ज्याला जन्मापासून ऐकू येत नाही आणि ज्याला डॉक्टरांनी नुकतेच सांगितले आहे की रक्ताचा थेंब बोटातून घ्यायचा व इन्सुलिनची सुई पोटावर टोचायची, त्याच्या दृष्टीने यात गंमत काहीच नाही.

बहिऱ्या माणसाशी सावकाश, तोंड मोठे उघडून बोलले की त्याला ओठांवरून सारे कळते, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तो खरा नाही. प, ब, म ही अक्षरे ओठांवर एकसारखी दिसतात. क, ग, घ तर पार मागे, घशाकडे उच्चारली जातात. ती दिसतच नाहीत. मुद्दाम तोंड वेडेवाकडे उघडल्याने ओळखीचा आकारही बिघडतो. त्यात डॉक्टर मान खाली घालून चिठ्ठी लिहिता लिहिता बोलत असतील किंवा तोंडावर मास्क असेल, तर संपलेच. ओठ वाचणारा माणूस थोडे वाचतो आणि उरलेले अंदाजाने भरून काढतो. रोजच्या व्यवहारात अंदाज चालून जातो. औषधाच्या मात्रेत तो चालत नाही.

मधुमेह हा आता मुंबई-पुण्याच्या बैठ्या लोकांचा आजार राहिलेला नाही, हे या सदराच्या वाचकांना सांगायला नको. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटींवर लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. दुसरीकडे, २०११ च्या जनगणनेत ऐकू न येणाऱ्यांची नोंद देशात सुमारे ५० लाख, तर महाराष्ट्रात पावणेपाच लाखांच्या घरात होती. हे सगळेच खुणांची भाषा वापरणारे नव्हेत. उतारवयात ऐकू कमी आलेलेही त्यात आहेत. तरीही दोन्ही आकडे शेजारी ठेवले की गावोगावी असे रुग्ण असणारच, हे उघड आहे. ते आपल्या नजरेत भरत नाहीत इतकेच.

कानावर न पडलेले ज्ञान

आपल्याला मधुमेहाबद्दल जे काही ठाऊक आहे ते आपण कुठे शिकलो? पुस्तकातून फारच थोडे. एस.टी.त शेजारी बसलेले काका सांगत होते, पानठेल्यावर चर्चा चालली होती, लग्नाच्या पंगतीत कुणी ‘बुंदी नको, मला शुगर आहे’ म्हणाले, मावशीच्या पायाची जखम चिघळून शेवटी पाय कापावा लागला म्हणून घरात रडारड झाली. हे सारे आपल्या कानावर पडत गेले. ‘कानावर पडणे’ हा आपला वाक्प्रचारच आहे. ज्याचे कान बंद, त्याच्यावर यातले काहीच पडत नाही. घरात वडिलांच्या साखरेवर दहा वर्षे बोलणे चालू असते. मुलाला एवढेच दिसते की बाबा सकाळी एक गोळी घेतात. गोळी कशाची, हे त्याला मुद्दाम बसवून कुणी सांगितलेले नसते. मग डॉक्टर विचारतात, ‘घरात कुणाला मधुमेह आहे का?’ आणि तो प्रामाणिकपणे मान हलवतो : नाही.

आता दवाखान्यातला प्रसंग पाहू. समजा, घाटंजीकडच्या एखाद्या खेड्यातला चाळिशीचा शिंपी आहे. जन्मतः बहिरा, कामात पटाईत. रात्री चार वेळा लघवीला उठावे लागते, वजन उतरले, म्हणून बायको त्याला तपासायला आणते. उपाशीपोटीची साखर १२६ च्या पुढे भरते, दुसऱ्या तपासणीतही तेच. म्हणजे मधुमेह ठरला. डॉक्टर दहा मिनिटे नीट समजावून सांगतात, पण सांगतात बायकोला. ती वळून नवऱ्याला दोन खुणा करते : गोड, आणि नको. दहा मिनिटांचे दोन खुणांत आटोपले. तो चहातली साखर सोडतो. ताटातला भाताचा ढीग, उपासाची साबुदाण्याची खिचडी, दुपारचा आलुबोंडा तसाच चालू राहतो, कारण त्यात साखर कुठे दिसते? तीन महिन्यांनी साखर तितकीच, आणि शेरा मिळतो : ‘हा ऐकतच नाही.’ तो ऐकत नाही हे खरेच आहे, पण वेगळ्या अर्थाने.

कधी बायकोऐवजी दहा-बारा वर्षांची मुलगी दुभाषी म्हणून येते. अशा लेकरांची हुशारी पाहून कौतुक वाटते, पण हे काम त्यांचे नव्हे. मधुमेहात जननेंद्रियाला खाज सुटते, पुरुषांना शय्येवर अडचणी येतात. लेकीच्या देखत बाप ते सांगेल कसा?

‘लिहून द्या ना मग,’ असे काही जण सुचवतात. पण लिहिलेली मराठी ही बोलल्या जाणाऱ्या मराठीवर उभी आहे. जे मूल ती भाषा ऐकतच वाढले नाही, त्याला ती परभाषेसारखी शिकावी लागते, आणि शाळा लवकर सुटली असेल तर वाचन कच्चेच राहते. माहितीपत्रक हातात दिले की तो सभ्यपणे घडी घालून खिशात ठेवतो. आपण समजतो, काम झाले.

खुणा म्हणजे हातवारे नव्हेत

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. १८८० साली इटलीतील मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणा हद्दपार करून फक्त बोलणे शिकवावे, असा ठराव झाला. त्याची छाया जगभरच्या शाळांवर शंभर वर्षे राहिली. आपल्याकडेही वर्गात खुणा करण्यास मनाई असे. मुलांनी मात्र वसतिगृहात, खेळाच्या मैदानावर ती भाषा जिवंत ठेवली. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्नवाचक खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते, भुवया आणि चेहऱ्याचे भाव हे व्याकरणाचाच भाग असतात. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. त्याच्या कोशाची पहिली आवृत्ती २०१८ मध्ये ३,००० शब्दांची होती. २०२१ मध्ये तो १०,००० शब्दांवर गेला. त्यात वैद्यकीय शब्दही आहेत आणि खुणा चित्रफितीत असल्याने मोबाईलवर पाहता येतात. मुंबईची वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तर १९८३ पासून या क्षेत्रात आहे.

तरी कोश हाती आला म्हणजे सारे भागले असे नाही. जो कधी शाळेत गेलाच नाही, तांड्यावर किंवा पोडावर वाढला, त्याच्याजवळ फक्त घरगुती खुणा असतात. त्या आई आणि भावंडांनाच कळतात. अशा रुग्णासाठी नागपूरहून दुभाषी आणला तरी उपयोग बेताचाच. तिथे घरचे माणूस हवे, शिवाय खुणांत मुरलेला एखादा बहिरा गडीही हवा. दोघे मिळून वाट काढतात. माझ्या मते आपल्या भागात सर्वांत उपयोगी शिक्षक तोच ठरेल : स्वतः बहिरा, स्वतः मधुमेही आणि आजार नीट समजून घेतलेला.

शिकवायचे ते दाखवून. कागदावर चौकोन आखण्यापेक्षा खरे ताट मांडावे : अर्धे ताट भाजी आणि काकडी-मुळा, पाव ताटात वरण किंवा उसळ, पाव ताटात ज्वारीची भाकर किंवा थोडा भात. भात आणि साबुदाणाही पोटात गेल्यावर साखरच होतो, हे तोंडी पटवण्यापेक्षा जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरचा आकडा त्याच्या डोळ्यांसमोर ठेवावा. आकडे सर्वांना कळतात. उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत, एवढे लक्ष्य बहुतेकांना पुरते.

इन्सुलिनचे पेन फिरवताना टिकटिक होते आणि ऐकणारे त्यावरून मोजतात. बहिऱ्या रुग्णाने खिडकीतला आकडाच पाहायचा, हे वेगळे शिकवावे लागते. बोटाला जाणवणारा हलका झटका ही त्याची दुसरी खूण. आणि ‘कळले ना?’ असे कधी विचारू नये. त्याला उत्तर म्हणून मान डोलतेच. पेन त्याच्या हातात द्यावे आणि करून दाखवायला सांगावे.

पायांचेही तसेच. आपल्याकडे शेतात अनवाणी चालणे अंगवळणी पडलेले, आणि पऱ्हाटीचे व तुरीचे धसकट सगळीकडे. बधिर पायात धसकट घुसले तर दुखत नाही, म्हणून रोज रात्री तळवा आरशात पाहायचा. ही गोष्ट शब्दांवाचून, नुसती करून दाखवता येते.

सर्वांत मोठा धोका साखर एकदम उतरण्याचा. ती ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, बुद्धी गोंधळते. बोलणाऱ्याची जीभ अडखळते, तशा बहिऱ्याच्या खुणा अडखळतात. बसस्थानकावर असा माणूस दिसला की लोक त्याला दारुडा समजून बाजूला होतात. १०८ ला फोन लावायचा तर आवाज हवा. म्हणून त्याच्या खिशात मोठ्या अक्षरांतली चिठ्ठी असावी : मला ऐकू येत नाही, मला मधुमेह आहे, शुद्धीवर असलो तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्या, गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. खाली घरच्या माणसाचा नंबर.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषेला संवादाचे साधन मानले आहे आणि आरोग्यसेवेत अडथळामुक्त प्रवेश व तपासणीत प्राधान्य देण्यास सांगितले आहे. तेव्हा रांगेत पुढे घेणे हा उपकार नव्हे. आशाताई तिशीवरील लोकांचे तपासणी-अर्ज घरोघर भरतात. त्या वेळी बहिऱ्याचा अर्ज भावजयीला विचारून न भरता त्याला समोर बसवून भरला, तरी बरेच साधेल. १४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनाला शिबिरे होतात. एखादे शिबिर कर्णबधिर विद्यालयातच, तिथल्या शिक्षकांना सोबत घेऊन, पालक आणि माजी विद्यार्थ्यांसाठी भरवायला हरकत नसावी. ब्रिटनमध्ये खुणांची भाषा वापरणाऱ्या सुमारे ३०० कर्णबधिरांची तपासणी झाली होती. २०१५ साली छापलेला तिचा निष्कर्ष असा की, त्यांच्यात जुनाट आजारांचे निदान आणि उपचार दोन्ही अपुरे पडत असावेत. सधन, दुभाषी मिळणाऱ्या देशाची ही गत.

राहिली डोळ्यांची गोष्ट, आणि ती सर्वांत जिव्हाळ्याची. मधुमेह डोळ्याचा पडदा खराब करतो, बोटांचे सांधे ताठर करतो, खांदा आखडवतो. आपल्याला ही तीन दुखणी. बहिऱ्याला डोळे म्हणजे कान, आणि बोटे-खांदे म्हणजे जीभ. दृष्टी गेली तर त्याचे संभाषणच गेले. पडदा बिघडू लागतो तेव्हा सुरुवातीला दिसण्यात काहीच फरक जाणवत नाही, म्हणून तक्रार नसली तरी वर्षातून एकदा पडद्याची तपासणी त्याने चुकवू नये. आणि नेत्रतज्ज्ञांसाठी एक बारीकशी सूचना : बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले की तीन-चार तास जवळचे धूसर दिसते, उजेड डोळ्यांत खुपतो आणि समोरच्याच्या खुणाही नीट टिपता येत नाहीत. तेव्हा काय करणार, का करणार, परत केव्हा यायचे, हे सगळे थेंब घालण्याआधीच समजावून सांगावे, आणि त्या दिवशी त्याला घरी नेणारे माणूस सोबत आले आहे ना, ते पाहावे.