वजन उतरवणारं इंजेक्शन: शुगरवाल्यांनी आणि रोजेदारांनी काय ध्यानात ठेवावं?

"अमक्यानं आठवड्याला एक सुई घेतली आणि पोट आत गेलं." कोरेगावसारख्या तालुक्याच्या गावातही आता ही चर्चा ऐकू येते. टिर्झेपेटाइडचं 'मौंजारो' मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, तर सेमाग्लुटाइडचं 'वेगोवी' जून २०२५ मध्ये. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतच होती, त्यामुळे स्वस्त देशी इंजेक्शनांची वाट मोकळी झाली. औषध खरं आहे, गुणही येतो. पण धोकाही खरा आहे.

काम कसं करतं?

जेवल्यावर आतड्यातून एक संप्रेरक सुटतं. ही औषधं त्याचीच नक्कल करतात. शुगर वाढली की इन्सुलिन वाढवतात, जठरातलं अन्न हळू पुढे सरकू देतात आणि मेंदूला 'पोट भरलं' असा निरोप देतात. म्हणूनच मळमळ, उलटी, जुलाब किंवा बद्धकोष्ठता हे त्रास सर्रास दिसतात. डोस कमी ठेवून हळूहळू वाढवला तर ते बरेच आटोक्यात राहतात. लवकर बारीक व्हायचं म्हणून थेट मोठा डोस घेणं महागात पडतं.

कोणत्या खुणा दिसल्या की थांबायचं नाही?

पोटात जोराची कळ येऊन पाठीकडे जात असेल आणि उलट्या थांबत नसतील, तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप किंवा डोळे पिवळे होणं, हे पित्ताशयातल्या खड्यांमुळे होऊ शकतं. अचानक दिसेनासं झालं तर तासभरही वाया घालवू नका. सेमाग्लुटाइडमुळे अगदी क्वचित डोळ्याच्या नसेला इजा होते, असा निष्कर्ष युरोपच्या औषध नियामकाने जून २०२५ मध्ये काढला. जुन्या शुगरवाल्यांनी सुई सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा.

रोजा आणि सुई

ही सुई एकटी असेल तर शुगर फारशी खाली जात नाही. पण सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल, तर दिवसभराच्या उपाशीपोटी ती धोकादायकरीत्या उतरू शकते. त्यात उलट्या-जुलाब झाले आणि पाणी बंद, तर किडनीवर ताण येतो. म्हणून रमजानच्या तोंडावर सुई सुरू करू नये, डोसही वाढवू नये. जे काही बसवायचं ते दोन ते चार आठवडे आधी डॉक्टरांकडून बसवून घ्यावं. शुगर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर रोजा सोडावा. आजारी माणसाला दीनने सवलत दिलेली आहे, मग जिवाशी खेळ कशाला?

कोणी घेऊ नये?

गरोदर बायकांनी घेऊ नये. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. घरात कुणाला थायरॉईडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांपासून सुई लपवू नका, कारण जठरात अन्न उरलेलं असू शकतं.

शेवटचं, बनावट मालाचं. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये नकली 'ओझेम्पिक'बाबत इशारा दिला होता. तेव्हा व्हॉट्सॲपवरून किंवा ओळखीच्या माणसाकडून सुई घेऊ नका. डॉक्टरांची चिठ्ठी, मेडिकलचं पक्कं बिल आणि थंड राखलेलं पेन, तिन्ही असतील तरच घ्या. आणि दुसऱ्याचं पेन? कधीच नाही, अगदी घरातल्या माणसाचंही.